शेवटचं बटण

“बटण कुणी दाबलं?”

आमच्या साखर कारखान्याच्या संगणक विभागात कसलीही भानगड झाली, की दोरगे मॅडमचा पहिला सवाल हा. काय झालं, कसं झालं, किती नुकसान झालं, हे सगळं नंतर. आधी बटण कुणी दाबलं ते सांगा. आणि खबरदार जर कुणी “कॉम्प्युटरनं चुकवलं” असं म्हणाल तर! मॅडम चष्मा कपाळावर सरकवायच्या, खुर्ची गर्रकन फिरवायच्या आणि म्हणायच्या, “त्याला हात हायेत का? न्हाईत न्हवं? मग हातवाल्याचं नाव सांग.”

नाव सांगितलं की विषय मिटला. जो स्वतःहून येऊन “मी दाबलं” म्हणेल त्याला मॅडमनी कधी शब्दानं दुखावल्याचं मला आठवत नाही. उलट डब्यातली शेंगदाण्याची चटणी त्याच्या भाकरीवर पडायची. जो लपवेल त्याची मात्र गय नव्हती. मग तो ऑपरेटर असो, की खुद्द कार्यकारी संचालक.

मालन दोरगे हे त्यांचं पूर्ण नाव. माहेर राहू गावचं, घर केडगावला, मिस्टर दौंडला रेल्वेत. सासरी फुलशेती, त्यामुळं अंबाड्यात शेवंती कायम, आणि पायात मात्र पांढरे स्पोर्ट शूज. कारखान्यात चिखल, उसाचा चोथा आणि मळी. तिथं चपला घालून नखरे करायला मी काय लग्नाला आलेय का, असं त्या विचारायच्या. मी शिरूरचा, म्हणून मला त्यांनी पहिल्या दिवसापासून “शिरूरकर” केलं. माझं खरं नाव त्यांना पगाराच्या दिवशी तेवढं आठवत असावं.

साखर कारखान्यात संगणकाचं काय एवढं, असं पुण्यामुंबईच्या माणसाला वाटेल. त्याला काय सांगायचं! आमच्याकडं उसाला नंबर असतो. ज्यानं आधी लावला त्याचा आधी तुटायचा. शेतकरी लागणीचा महिना नोंदवतो, आमचं मशीन त्यावरून तोडणीचा क्रम लावतं, आणि त्या क्रमानं तोडणीवाल्यांच्या टोळ्या फडात जातात. नंबर मागं पडला की उसाला तुरा येतो. तुरा आला की ऊस आतून पोकळ पडत जातो, वजन घटतं, वर्षभराची मेहनत वाऱ्यावर. म्हणून यादीतली एक ओळ वर सरकवायला माणसं काय काय करतात ते मी पाहिलंय. कोंबड्या आणतात, सोयरीक काढतात, दमही देतात.

मॅडम यायच्या आधी ही यादी म्हणजे जत्रेतला पाळणा होता म्हणे. सकाळी वर असलेलं नाव संध्याकाळी खाली. एकदा तर पारगावकडचे लोक काठ्या घेऊन ऑफिसात शिरले होते. मॅडमकडं विभाग आला आणि त्यांनी पहिलं काम काय केलं? नवी मशीनं मागितली नाहीत, माणसं मागितली नाहीत. एक सुतार बोलावला. भिंतीला खिडकी पाडली, खिडकीत एक स्क्रीन ठेवली आणि तिचं तोंड केलं बाहेर, अंगणाकडं. आत आम्ही जे बघतो तेच बाहेर रांगेतल्या शेतकऱ्याला दिसायचं.

मग नियम आला. नोंदीत चूक असेल तर ज्याची नोंद त्यानंच यायचं. पुतण्या नाही, ड्रायव्हर नाही, फोन तर नाहीच. शेतकी विभागाचा माणूस आधी फडात जाऊन बघून येणार, तो शेजारी उभा राहणार, ऑपरेटर दुरुस्ती टाकणार, शेतकरी ती बाहेरच्या स्क्रीनवर वाचणार, आणि शेवटचं बटण शेतकऱ्यानं स्वतःच्या बोटानं दाबायचं. त्यासाठी खिडकीबाहेर एक वेगळा कीबोर्ड बांधून ठेवला होता. दुसरा नियम आमच्यासाठी: आपल्या घरच्या नोंदीला आपला हात लागता कामा नये. तिसरा म्हणजे सोवळं. बॉयलर पेटायच्या दिवशी मॅडम सासरच्या झेंडूचं तोरण आणून सर्व्हरच्या खोलीला बांधायच्या आणि जाहीर करायच्या, “सोवळं लागलं.” त्यानंतर हंगाम संपेपर्यंत त्या यादीतलं एक अक्षर हलायचं नाही. तोरण वाळून काळं पडायचं, तरी काढायचं नाही. मोठमोठे साहेब त्या दारापाशी आले की नकळत दोन पावलं मागं व्हायचे, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

एकदा वरून निरोप आला, सगळ्यात मोठा पासवर्ड चेअरमनच्या केबिनमध्येही असावा. मॅडम स्वतः गेल्या. केबिनमध्ये त्या शुद्ध बोलायच्या, पण राग आला की राहूची बोली बाहेर यायची. “साहेब, ज्या दारातनं तुम्ही याल त्याच दारातनं उद्या चोरबी येतोय. आन् मग लोक तुमचंच नाव घेत्याल.” साहेबांना हसावं की रागवावं कळेना. त्यांनी चहा मागवला. पासवर्ड काही मागितला नाही.

आणि असं समजू नका की बाई नुसती दुसऱ्यांवर धाक ठेवून होती. हंगामाच्या पहिल्या दिवशी त्या स्वतः वजनकाट्यावर जाऊन बसायच्या. आपणच बनवून घेतलेल्या स्क्रीनवर ट्रॅक्टरची नोंद स्वतः करायच्या. बाहेर ट्रॅक्टरांची रांग पार रस्त्याला लागायची, बीडकडचे ड्रायव्हर हॉर्न वाजवायचे, एकजण तर ओरडला, “ओ मावशी, उरका की! बैल बरा तुमच्यापरीस!” मी घाबरलो. मॅडम खदाखदा हसल्या. परत येऊन म्हणाल्या, “शिरूरकर, तीन रकाने काढून टाक. त्या बाबाचं बरोबर हाय.” नंतर त्या ड्रायव्हरला बोलावून चहा पाजला आणि विचारलं, “आता बैल कोण?”

अशी बाई. आता तिच्या भावाचं सांगतो, कारण त्याच्याशिवाय ती पुरती कळायची नाही.

बबनदादा हे त्यांचे थोरले भाऊ. राहूला बागायती, मानी माणूस, बोलणं तोडून टाकल्यासारखं. बाप लवकर गेला, तेव्हा या दादानंच बहिणीला पुण्याला ठेवून कॉम्प्युटर शिकवला. भावकीनं नावं ठेवली, पोरीच्या जातीला कशाला म्हणून, तर दादा म्हणाले होते, “माझी बहीण हाय, माझा पैसा हाय, तुमची जीभ तुमच्याजवळ ठेवा.” मॅडम ही गोष्ट ज्याला त्याला सारखी सांगायच्या. दरवेळी डोळे भरून यायचे.

त्या साली बबनदादांचा ऊस म्हणजे आदल्या वर्षीच्या आषाढातली लागण. आमच्या वैशालीनं, म्हणजे ऑपरेटर पोरीनं, नोंद करताना महिना चुकवला. जुलैच्या जागी सप्टेंबर पडलं. दोन महिन्यांनी नंबर मागं. दिवाळीच्या तोंडावर याद्या तपासताना तिच्याच लक्षात आलं आणि ती रडत मॅडमसमोर उभी राहिली. “मॅडम, बटण मीच दाबलं. तुमच्या भावाचंच हाय.”

मॅडमनी तिला बसवलं, पाणी दिलं. “सांगितलंस न्हवं? झालं तर मग. रडायचं न्हाई.”

मी म्हणालो, “मॅडम, चूक आपलीच आहे. मी दुरुस्त करतो, तुम्ही हात लावू नका. नियमबी मोडत नाही.”

“शेतकरी कुठाय?”

“अहो, दादांना काय बोलवायचं एवढ्यासाठी!”

“आज आपन भावाची चूक अशी गुपचूप दुरुस्त केली, की उद्या हरएकाच्या भावाची चूक निघंल. दादा येईल. दहा मिन्टाचं काम हाय.”

दादा आले नाहीत. शेतकीच्या माणसानं निरोप दिला, तोडणीच्या चिठ्ठ्या वाटणाऱ्या गटाच्या चिटबॉयनं दोनदा सांगितलं. दादांचं एकच उत्तर, “माझी बहीण तिथं साहेब हाय. मी कशाला खिडकीत उभा राहू?”

भाऊबीज आली. माझी बहीण राहूलाच दिलेली, म्हणून मॅडम माझ्या गाडीवर आल्या. दारात उतरवून निघणार, तर वहिनींनी चहाला आत ओढलं. पाट मांडलेला, भोवती रांगोळी, दादा नवा सदरा घालून पाटावर बसलेले. मॅडमनी ताट उचललं. निरांजन लावलेलं होतं.

दादा म्हणाले, “माझं काम केलंस का?”

“दादा, एक दिस ये की. उभा राहा, बटण दाब, चल. मी तुला जेवायला घालीन.”

“म्हंजी रांगेत?”

“रांगेत.”

“माझ्या बहिणीच्या हापिसात मी रांगेत उभा राहू? गाव काय म्हनंल?”

“गाव म्हनंल, मालनीनं सख्ख्या भावालाबी सोडलं न्हाई.”

“त्यात तुझं नाव व्हतंय. माझं काय व्हतंय?” दादा पाटावरून उठले. “तुला शिकवली ती मला रांगेत उभं करायला व्हय? ओवाळायला आलीस का हुकूम घिऊन आलीस?”

आणि गेले मळ्याकडं. ताट हातात तसंच. वहिनी रडायला लागल्या. मॅडमनी निरांजन फुंकलं नाही, ते देवापुढं नेऊन ठेवलं, पदर खोचला आणि मला म्हणाल्या, “चल, शिरूरकर.” माझ्या बहिणीकडचं ओवाळणं उरकलं आणि मी त्यांना केडगावला सोडलं.

खरं सांगतो, मला तेव्हा मॅडमचा राग आला होता. एवढं काय ते नियमाचं सोंग! भाऊ म्हातारा होत चाललाय, चूक आपली, त्यानं शिकवलं म्हणून तू खुर्चीत. पण मॅडमना असं तोंडावर बोलायची माझी काय टाप!

बॉयलर पेटायच्या दिवशी दुरुस्तीची खिडकी संध्याकाळी बंद व्हायची होती. मॅडम दिवसभर खिडकीशी बसून होत्या. एरवी तिथं वैशाली बसायची. फाटकातून गाडी आत आली, की मान वर. दुपारी डबा उघडला नाही. रांग संपली, अंगण मोकळं झालं, तरी बसलेल्या. शेवटी त्या उठल्या, पिशवीतून झेंडूचं तोरण काढलं आणि सर्व्हरच्या खोलीला स्वतःच्या हातानं बांधलं. गाठ दोनदा सुटली. “सोवळं लागलं,” म्हणाल्या. आवाज नेहमीचाच होता. मग नळावर जाऊन बराच वेळ तोंड धुतलं.

हंगाम सुरू झाला. राहूच्या शिवारात बबनदादांचा फड पांढऱ्या तुऱ्यांनी भरून गेला. रस्त्यावरून दिसायचा. मॅडम त्या रस्त्यानं जायच्या बंद झाल्या.

त्याच हंगामात एक संचालक खिडकीशी आले. मेव्हण्याचा ऊस वर घ्यायचा होता. अंगणात पन्नासभर माणूस. मॅडम म्हणाल्या, सोवळं आहे. संचालक हसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, “आम्हाला सोवळं, मॅडम? तुमच्या भावाचा तर कधीच गव्हाणीत पडून गाळून झाला असंल!”

मॅडमनी बबनदादांची नोंद काढली. बाहेरच्या स्क्रीनवर ओळ आली. “ज्याला वाचता येतंय त्यानं मोठ्यानं वाचा,” त्या म्हणाल्या. कुणीतरी वाचलं: नाव, गाव राहू, तोडणी बाकी. सगळ्यांनी तो तुऱ्यात गेलेला फड बघितलेला होता. संचालक कपाळ पुसत गाडीत बसले.

बक्षीस लगेच मिळालं. हंगाम संपताच मॅडमची बदली शिरूर तालुक्यातल्या गट ऑफिसला, नदीपलीकडं. तिथं एक टेबल, एक पंखा आणि खिडकीत कबुतरं. आणि इकडं पहिल्याच आठवड्यात आमच्या खिडकीतली स्क्रीन फिरवून तिचं तोंड आत केलं. “उन्हानं दिसत नाही,” असं कारण दिलं. मी बोललो नाही, कुणीच बोललं नाही. आम्ही पगारी माणसं.

बोलला तो ज्यानं बोलू नये असा माणूस. वार्षिक सभेत मंडप गच्च भरलेला, विषय वाचून मंजूर मंजूर चाललेलं, आणि मधल्या रांगेतून बबनदादा उठले. माईक हातात घेतला.

“मी राहूचा. माझा ऊस गेल्या साली तुऱ्यात गेला. तुमच्या त्या दोरगेबाईपायी गेला. ती माझी बहीण हाय आन् मी तिचं तोंड बघत न्हाई, हे समद्यांस्नी ठावं हाय.” मंडपात हशा झाला. दादा थांबले. “हसू नगा. तवा ती स्क्रीन भायेर तोंड करून व्हती. म्हनून मला कळलं, की माझा फुडं गेला न्हाई तसा कुनाच्याबी बापाचा फुडं गेला न्हाई. आता ती फिरवून ठिवलीया. आता मला काय कळनार? ती पयली भायेर करा. आन् जिनं ती बसवली तिला परत आना. माझं झालं.”

खाली बसले. आधी शिरूरकडच्या लोकांनी टाळ्या धरल्या, मग सगळ्या मंडपानं. मी मागं उभा होतो. त्या क्षणी माझा मॅडमवरचा राग गेला. दादांवरचाही गेला.

मॅडम परत आल्या. स्क्रीन बाहेर झाली. त्यांना सभेतलं सगळं मी साभिनय सांगितलं, तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, “दादा वाळलाय का रे?”

आता तुम्हाला वाटेल, मिटलं. कशाचं मिटतंय! हजार माणसांसमोर “तोंड बघत नाही” म्हणून बसलेला माणूस तोंड कसं बघणार? आणि मॅडम तरी काय कमी! एकाच आईची लेकरं. पुढची कितीतरी वर्षं भाऊबीजेला मी केडगावच्या माझ्या खोलीच्या गॅलरीतून बघायचो. समोरच्या गच्चीवर मॅडम ताट घेऊन चढायच्या आणि बीजेच्या बारीक चंद्राला ओवाळायच्या. ज्या बाईला भाऊ नाही तिनं चंद्राला ओवाळायचं, ही आपली रीत. भाऊ दहा कोसांवर जिवंत असताना चंद्राला ओवाळणारी बाई मी तेवढी एकच पाहिली. दुसऱ्या दिवशी ऑफिसात मात्र पुन्हा “बटण कुणी दाबलं?”

मॅडम निवृत्त झाल्या. निरोपसमारंभात भाषण करायला लावलं तर म्हणाल्या, “माझ्या मागं खिडकी बुजवू नका,” आणि बसल्या. त्यांची खुर्ची माझ्याकडं आली. तोरण आता मी बांधतो. झेंडू अजून त्यांच्याच शेतातून येतो.

गेल्या दिवाळीच्या दोन दिवस आधीची गोष्ट. दुरुस्तीची रांग लागलेली होती. वैशाली नोंदी घेत होती. मी सहज बाहेर बघितलं तर रांगेत बबनदादा. काठी टेकून, डोक्याला पांढरी टोपी, पुढं आठ-दहा माणसं. मी धावत बाहेर गेलो.

“दादा, आत या, बसा. कशाला उन्हात?”

“रांग हाय न्हवं? मग.” त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. “तू त्यो गाडीवाला न्हवं का?”

दुरुस्ती होती किरकोळ. वाटण्या झाल्यावर पोराच्या नावावर गेलेले दहा गुंठे दादांच्याच नोंदीत जास्त पडलेले. दुसऱ्या कुणी दुर्लक्ष केलं असतं. त्यांचा नंबर आला. शेतकीचा माणूस शेजारी उभा राहिला. वैशालीनं दुरुस्ती टाकली. दादांनी चष्मा लावला आणि स्क्रीनवरची ओळ एकेक शब्द मोठ्यानं वाचली, शाळेत वाचतात तशी.

“बरुबर हाय. कंचं बटन?”

“हे मोठं, दादा.”

त्यांनी बोट धोतराला पुसलं. दाबलं. स्क्रीनवरचा आकडा बदलला. ते थोडा वेळ बघत राहिले.

“येवढंच व्हय?” ते म्हणाले. कुणालाच नाही, असंच. “येवढ्यासाठी…” आणि त्यांनी चष्मा काढला.

वैशालीनं पाणी दिलं. मग दादा हळूच म्हणाले, “ती भायेर हाय. तिनंच आनलं मला स्कूटीवर. म्यांच फोन केला व्हता, ये म्हनून. आत ये म्हनलं तर येत न्हाई. म्हनती, घरची नोंद हाय, मी फाटकाच्या आत पाय ठिवनार न्हाई.”

मी खिडकीतून वाकून बघितलं. फाटकापलीकडं लिंबाखाली स्कूटी, आणि शेजारी दोरगे मॅडम. पांढरे शूज, अंबाड्यात शेवंती. आमच्याकडं पाठ करून उभ्या होत्या, चुकून स्क्रीन दिसेल म्हणून.

बबनदादा काठी टेकत फाटकाबाहेर गेले. मॅडम वळल्या. त्यांनी काहीतरी विचारलं. एवढ्या लांबून मला ऐकू येणं शक्य नव्हतं, पण काय विचारलं ते कळायला मला कान लागत नाहीत. दादांनी उजव्या हाताचं बोट वर केलं आणि बहिणीच्या डोळ्यांपुढं धरलं.